गुणपत्रिकेतला एकच 'बी'

आपल्या मराठीत 'बी' हा शब्द किती चांगला आहे! बी म्हटलं की पेरणी आली, पाऊस आला, कोंब आला. हेच अक्षर गुणपत्रिकेत उगवलं की मात्र सगळा नूर पालटतो. आता आपल्या हॉस्टेलवर 'बी'चं फारसं कोणाला दुःख होत नाही, ही गोष्ट वेगळी. रिझल्टच्या रात्री वेबसाइट हँग झालेली असते तेव्हा 'सगळे विषय निघू देत रे देवा' एवढीच आपली प्रार्थना असते, आणि एम-थ्रीमध्ये 'बी' आला तर शेजारच्या चार रूम्स पार्टी मागायला येतात. पण सातासमुद्रापलीकडे एका घरात एका 'बी'वरून दीड वर्ष काय काय घडलं, ते मी फार जवळून बघितलं. त्याची ही हकिगत. एमएसची स्वप्नं बघणाऱ्यांनी जरूर वाचावी. 'आपण बाबा इथेच बरे' म्हणणाऱ्यांनीही वाचावी, कारण शेवटी गाडी आपल्याच डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डापाशी येऊन थांबणार आहे.

माझी मावशी गेली वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी धाकटी मावसबहीण, तिथेच जन्मली आणि तिथेच वाढली. रविवारच्या मराठी शाळेमुळे तिला मराठी छान येतं, फक्त 'तो-ती-ते'ची जरा गल्लत होते. ती अकरावीत असताना मावशीनं मला एक काम लावलं. "तुझं इंजिनिअरिंगचं मॅथ्स ताजं आहे. आठवड्यातून दोनदा हिला जरा बघ गं." तिच्याकडे रात्रीचे आठ वाजले की हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा. रूममेट पांघरुणात, कॉरिडॉरमध्ये बादल्यांचा खडखडाट, आणि मी जिन्याच्या पायरीवर (रेंज तिथेच मिळते) कानात इअरफोन घालून टेलर सिरीज शिकवतेय! शिकवता शिकवता लक्षात आलं की जी सिरीज आपण फर्स्ट इयरला नाइट मारून, सिनियरच्या झेरॉक्स नोट्सवर कशीबशी पार केली, ती ही पोरगी अकरावीत करत होती.

तिच्या विषयाचं नाव 'एपी कॅल्क्युलस बीसी'. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही तिकडची संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते. शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि तिचा निकाल १ ते ५ अशा आकड्यात जुलैत घ्यायचा. असे चाळीसच्या आसपास विषय आहेत. पण ही परीक्षा वेगळी आणि शाळेनं त्या विषयाला दिलेली ग्रेड वेगळी. शाळेची ग्रेड वर्षभराच्या क्विझ, होमवर्क आणि टेस्टवर ठरते, आणि नववीपासूनच्या सगळ्या विषयांबरोबर ती ट्रान्सक्रिप्टवर छापली जाते. कॉलेजला जाणारा मुख्य कागद तोच. आपल्यासारखं 'बारावीत सगळं भरून काढू' हे तिकडे चालत नाही. चार वर्षांचा सगळा हिशेब एकाच कागदावर.

जानेवारीच्या अखेरीस तिचा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. बाकी सगळे 'ए' आणि कॅल्क्युलसला 'बी'.

पुढचे दोन आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही. मावशीचा मात्र रोज येत होता. "अगं, बारा वर्षांत पहिला 'बी' गं हिचा! आणि नेमका अकरावीत! कॉलेजवाले अकरावीच बघतात." मावशीच्या आवाजात जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. आपल्याकडे सीईटीच्या रिझल्टच्या दिवशी घराघरात तोच आवाज असतो. काका बिचारे मागून "एवढं काही नाही" म्हणत होते, आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं. साताऱ्याची आजीसुद्धा एकदा त्या ग्रुप कॉलवर होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कसली बी म्हणता? भोपळ्याची का?" त्या दोन आठवड्यांत धाकटी हसली ती एवढीच.

मग एक दिवस तिनं स्वतःहून फोन केला. पहिलं वाक्य, "ताई, मी डंब आहे का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? 'नाही गं, तू हुशार आहेस' हे सगळेच म्हणतात आणि त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. आपण पडलो इंजिनिअर. मी म्हटलं, कागद-पेन घे, आधी नुकसान किती झालं ते मोजू.

वर्षाला सात विषय, तीन वर्षांचे एकवीस. धरून चालू की वर्षअखेरीसही तो 'बी'च राहिला. वीस विषयांत 'ए' म्हणजे प्रत्येकी ४, एका विषयात 'बी' म्हणजे ३. बेरीज ८३, भागिले २१. उत्तर ३.९५. म्हणजे ४ वरून ३.९५! शिवाय तिच्या शाळेत वेटेड जीपीए आहे. एपी विषयाला एक गुण जास्त मिळतो, 'ए'ला ५ आणि 'बी'ला ४. म्हणजे तिनं एपीऐवजी साधं गणित घेऊन 'ए' मिळवला असता तर वेटेड हिशेबात तिला तेवढेच ४ मिळाले असते. "सो इट्स द सेम?" ती म्हणाली. त्या हिशेबात सेम. पण एका हिशेबात तिला टेलर सिरीज येते आणि दुसऱ्यात येत नाही. हा फरक जीपीएमध्ये कुठेच दिसत नाही.

मग तो दिसतो कुठे? या प्रश्नामुळे मी खरी त्या विषयात शिरले. मावशीला तिचे फॉर्म आणि निबंध वाचायला कोणीतरी कॉन्व्हेंटवालं हवं होतं, त्यामुळे पुढचे सगळे कागद माझ्याकडे येऊ लागले. त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगते.

मुलांच्या ट्रान्सक्रिप्टबरोबर शाळा आपला स्वतःचा एक परिचय पाठवते. त्याला म्हणतात स्कूल प्रोफाइल. आमच्या शाळेत कुठकुठले एपी आहेत, ग्रेड कशा देतो, वेटेज कसं धरतो, सगळं त्यात असतं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की या मुलीसमोर ताटात काय काय वाढलेलं होतं आणि तिनं काय उचललं. ज्या शाळेत तीनच एपी आहेत तिथल्या मुलानं तीन घेतले, तर वीस एपीवाल्या शाळेतल्या मुलापुढे त्याला कमी लेखत नाहीत. दुसरं, शाळेचा काउन्सेलर एक फॉर्म भरतो. 'कॉमन अ‍ॅप' म्हणून हजाराहून जास्त कॉलेजांचा एकच सामाईक अर्ज असतो, त्यात हा फॉर्म येतो. या मुलानं घेतलेले विषय शाळेतल्या इतरांच्या मानाने किती अवघड होते, याचे पर्याय त्यात दिलेले असतात आणि काउन्सेलरनं एकावर खूण करायची असते. सर्वांत वरचा पर्याय म्हणजे 'सर्वांत अवघड'. तिसरं, बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक तक्ता प्रसिद्ध करतात. आम्ही प्रवेश देताना कशाला किती महत्त्व देतो ते त्यात लिहिलेलं असतं. अनेक नामांकित कॉलेजांच्या त्या तक्त्यात ग्रेडच्या बरोबरीनं विषयांची काठिण्यपातळी 'अतिशय महत्त्वाची' या रकान्यात दिसते.

हे मी धाकटीला सांगितलं तेव्हा तिनं मला तिकडचा एक जुना विनोद ऐकवला. प्रत्येक माहितीसत्रात कोणीतरी पालक उठून विचारतो, "साध्या विषयात 'ए' बरा की एपीत 'बी' बरा?" आणि कॉलेजचा माणूस हसून सांगतो, "एपीत 'ए' बरा." सगळे हसतात आणि प्रश्न तिथेच राहतो.

विनोद असला तरी त्यात खोटं काही नाही. 'बी'नं काहीच बिघडत नाही असं सांगणारे मनकवडे असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. हार्वर्डला २०२४ साली साधारण ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश दोन हजारांहूनही कमी जणांना मिळाला. इतक्या गर्दीत दोन सारख्या मुलांपैकी एकाच्या कागदावर 'बी' असेल तर तो दिसणारच. पण याच हार्वर्डची दुसरी बाजूही आहे. प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून त्या विद्यापीठावर खटला झाला होता. २०१८ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात तो चालला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तशा प्रवेशपद्धतीला मनाई केली. त्या खटल्यात विद्यापीठाच्या आतले आकडे बाहेर आले. एका वर्षी अमेरिकेतल्या साधारण २६ हजार अर्जदारांपैकी आठ हजारांच्या वर मुलांचा जीपीए परफेक्ट होता. जागा होत्या सोळाशेच्या आसपास. करा हिशेब! सगळ्या जागा परफेक्टवाल्यांनाच वाटल्या असत्या तरी पाचातले चार बाहेरच राहिले असते. म्हणजे 'बी' नसणं हे काही आत जायचं तिकीट नाही. आणि सगळ्या जागा काही परफेक्टवाल्यांना वाटल्या जात नाहीत. अभ्यासाबरोबर इतर उपक्रम, खेळ आणि स्वभाव यांनाही तिथे आकडे दिले जातात, हेही त्याच खटल्यात उघड झालं.

शिवाय सगळी कॉलेजं एकाच मापानं मोजत नाहीत. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, शाळेचा जीपीए घेतच नाहीत. ती आपला स्वतःचा हिशेब करतात. नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचे ठरावीक विषय धरायचे, त्यातल्या एपीसारख्या विषयात 'सी' किंवा त्याहून वर ग्रेड असेल तर एक गुण वाढवायचा, आणि हा वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टर्सना द्यायचा. 'बी प्लस' आणि 'बी मायनस' यात फरक धरायचा नाही. एसएटीकडे तर प्रवेशासाठी बघायचंच नाही. उलट एमआयटीनं कोविडनंतर २०२२ मध्ये एसएटी पुन्हा सक्तीची केली. एकाच मुलीचा एकच 'बी' एका दारात मोठा आणि दुसऱ्या दारात लहान होतो तो असा.

खरी लढाई झाली ती फेब्रुवारीत. तिकडे बारावीचे विषय अकरावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्येच निवडायचे असतात. मावशीचं म्हणणं, आता पुरे झाली ही एपीची हौस. फिजिक्स सी नको, सोपे विषय घे, सगळे 'ए' आण आणि ट्रान्सक्रिप्ट स्वच्छ ठेव. (फिजिक्स सी म्हणजे कॅल्क्युलस वापरून शिकवलेलं मेकॅनिक्स. आपलं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आठवून पाहा, अंगावर काटा येईल!) धाकटीला पुढे इंजिनिअरिंगच करायचं होतं, तिला फिजिक्स सी हवं होतं, आणि आता तिला त्याची भीतीही वाटत होती. मावशी मला म्हणाली, "तू तिला समजाव." धाकटीही म्हणाली, "ताई, तू मम्मीला समजाव." मी जिन्याच्या पायरीवर बसून दोघींच्या मधे.

मी कोणालाच समजावलं नाही. मी फक्त विचारलं, "समजा सगळे सोपे विषय घेऊन सगळे 'ए' आले. वाचणारा काय वाचेल?" फोनवर बराच वेळ शांतता. मग धाकटीच म्हणाली, "की मी घाबरली."

त्यांच्या काउन्सेलरनंही साधारण तेच सांगितलं. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड 'मिड-इयर रिपोर्ट' म्हणून कॉलेजला जातात. अकरावीत एक 'बी' आला आणि बारावीत विषय अचानक सोपे झाले, की त्या एका 'बी'चा अर्थ बदलतो. आणि त्याच्यानंतर आणखी अवघड विषय घेऊन नीट केले, तरीही अर्थ बदलतो. त्याच वेळी काउन्सेलरनं तिला निव्वळ संख्या वाढवायला घेतलेले दोन एपी सोडायला लावले. ते मला फार पटलं. अवघड विषय घ्यायचा तो हवा म्हणून. मिरवायला घेतलेल्या अवघड विषयापेक्षा रात्रीची झोप बरी.

पुढे जूनमध्ये वर्षअखेरीची ग्रेड आली. 'बी'च. खूप घासूनही 'बी'च. शाळेच्या क्विझला पंधरा मिनिटं असायची आणि ती विचार करून लिहिणारी. मात्र मे महिन्यात दिलेल्या एपी परीक्षेचा निकाल जुलैत आला तो ५ पैकी ५. मावशीनं आम्हाला व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना पेढा दाखवला. फक्त दाखवला! फॉर्ममध्ये 'आणखी काही सांगायचं आहे का' अशी एक जागा असते. तिथे त्या 'बी'चं कारण लिहावं का, यावर घरात पुन्हा परिषद भरली. तिनं काही लिहिलं नाही. ५ आकडा शेजारी आहेच, म्हणाली, वाचणाऱ्याला वाचता येतं. तिचा ६५० शब्दांचा मुख्य निबंधही मी वाचला. त्यात 'बी'चा उल्लेखसुद्धा नव्हता. तो आजीच्या शिवणयंत्रावर होता.

आता निकाल. तिनं दहा ठिकाणी अर्ज केले होते. मार्चअखेर ती नावाजलेली कॉलेजं एकाच संध्याकाळी दार उघडतात आणि बहुतेकांसाठी लगेच बंदही करतात. तिला अगदी वरच्या तीन ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी वेटिंग लिस्ट, बाकी ठिकाणी होकार. त्यांच्या राज्याच्या विद्यापीठात तिला इंजिनिअरिंगला जागा मिळाली आणि ती तिथेच गेली. मावशी अजूनही कधीतरी म्हणते, "त्या 'बी'नं घात केला." मी एकदा धाकटीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "ताई, लेटरमध्ये 'बी' लिहिलेला नाही. लेटरमध्ये काहीच लिहिलेला नाही." नकाराच्या पत्रात कारण देतच नाहीत. कदाचित 'बी' असेल. कदाचित तिच्यासारखीच दुसरी कोणी बासरी वाजवत असेल. कळणार कधीच नाही. आणि जे कधीच कळणार नाही त्याच्या भीतीनं दोन वर्षांचे विषय निवडायचे, हे कोणाला परवडतं?

आता थोडं आपल्याकडे बघू. आपल्याला तिकडचं ऐकून वाटतं, बरं आहे बाबा आपलं, एक सीईटी, एक पर्सेंटाइल, कॅप राउंड, विषय संपला. कोणाला निबंध लिहायचा नाही, कोणाच्या शिफारशी नाहीत. बारावीचे मार्क इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पात्रतेपुरते, पीसीएमला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४०. पुढे सगळं मेरिट लिस्टवर. आणि खरं सांगायचं तर या आंधळेपणात एक मोठा न्याय आहे. आपल्या विंगमध्ये तालुक्याच्या ठिकाणाहून आलेली मुलगी आहे आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या क्लासची मुलगीही आहे. कॅपच्या यादीनं दोघींना त्यांच्या आडनावावरून किंवा इंग्रजीवरून ओळखलं नाही. तिकडच्या 'माणूस वाचतो' पद्धतीत लबाडीही शिरते. २०१९ च्या मार्चमध्ये तिकडे मोठं प्रकरण उघडकीस आलं. श्रीमंत पालकांनी पैसे चारून आपल्या मुलांना खेळाडू म्हणून आत घुसवलं होतं, आणि ज्यांनी तो खेळ कधी खेळलाच नाही अशी मुलंही त्यात होती! वाचणारा असला की त्याला फसवणारेही असतात.

पण आपल्या पद्धतीची एक किंमत आहे, आणि ती आपण इतकी वर्षं देतोय की ती किंमत आहे हेच विसरलोय. आपण काय शिकलो हे कोणी वाचतच नाही, म्हणून आपण काय शिकायचं हेही मार्कांवर ठरवतो. अकरावीला किती जणांनी मराठी सोडून आयटी घेतलं? कॉम्प्युटरची आवड म्हणून किती आणि स्कोअरिंग म्हणून किती? हात वर करायला सांगितला तर मेस हॉलमध्ये पंखा दिसणार नाही इतके हात वर येतील. तीच सवय आपण इथे घेऊन आलो. इलेक्टिव्हचा फॉर्म आला की पहिला प्रश्न 'सर कोण आहेत?' आणि दुसरा 'पेपर कसा काढतात?' विषयात काय आहे हा प्रश्न मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

म्हणून मी धाकटीसाठी केलेला हिशेब आपल्यासाठीही केला. आपल्या डिग्रीला १६० क्रेडिट्स धरू. एक इलेक्टिव्ह तीन क्रेडिटचा. सोपा विषय घेतला आणि 'ए प्लस' आला तर ९. अवघड घेतला आणि 'बी' आला तर ६. फरक तीनाचा, गुणिले तीन क्रेडिट्स, भागिले १६०. उत्तर ०.०५६. पुन्हा वाचा. शून्य पॉइंट शून्य पाच सहा! एवढ्यासाठी आपण एक अख्खा विषय आयुष्यातून वजा करतो. हां, ज्याचा पॉइंटर कंपनीच्या क्रायटेरियाच्या काठावर लोंबकळतोय त्याला हा ०.०५६ सुद्धा जड आहे, आणि त्यानं सांभाळून राहावं हेच बरोबर. प्लेसमेंटच्या एक्सेल शीटला ट्रान्सक्रिप्ट वाचता येत नाही, ती फक्त आकडा गाळते. पण आपल्यातले कितीजण खरोखर काठावर आहेत? आठ-साडेआठ पॉइंटरवाले आपण, आणि वागतो काठावर असल्यासारखे. आणि ज्यांना एमएस करायचंय त्यांचा तर विषयांसकट सगळा ट्रान्सक्रिप्टच जातो. तिथला प्रोफेसर सोप्या विषयांची रांग बघून काय वाचेल ते धाकटीनं आधीच सांगून ठेवलंय.

आमच्या डिपार्टमेंटला, म्हणजे ईअँडटीसीला, पुढच्या सेमिस्टरसाठी 'इन्फर्मेशन थिअरी अँड कोडिंग' नावाचा इलेक्टिव्ह आहे. मोबाइलवर बोलताना मधेच आवाज तुटतो, तरी समोरच्याचं बोलणं कळतं. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं. हे का होतं, ते या विषयात आहे. क्लॉड शॅनन या माणसानं १९४८ साली एका पेपरमध्ये त्याचा पाया घातला. आणि सिनियर्सच्या मते हा विषय म्हणजे 'पॉइंटर किलर'. गेल्या वर्षी पुरेशी नावं आली नाहीत म्हणून तो चाललाच नाही. सगळ्या वर्गानं शेजारचा सोपा विषय घेतला. सर लायब्ररीत भेटले तेव्हा त्यांनी मला नोट्सची फाइल दाखवली. दोन वर्षांपूर्वीची, कोरी करकरीत, कव्हर घातलेली. काही बोलले नाहीत, पण ती फाइल बघून मला कसंतरीच झालं.

यंदा विषय चालवायला वीस नावं लागतात. नोटीस बोर्डावर यादी लागली आहे आणि मी हे लिहितेय तोपर्यंत तिच्यावर चौदा नावं आहेत. माझं चौथं. विंगमधल्या दोघी 'विचार करतो' म्हणाल्यात, म्हणजे बहुधा नाही. रूममेटनं सही केली, पण "तुझ्यामुळे माझा पॉइंटर गेला तर वर्षभर माझा चहा तुझ्याकडे" अशी अट घालून. मला मान्य आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा विषय चालला की नाही ते तुम्हाला कळलेलं असेल. चालला असेल आणि माझ्या गुणपत्रिकेत 'बी' दिसला, तर खुशाल पार्टी मागायला या.